कमोडच्या सीटची बिजागरी सुधारायची असेल तर सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिप्लोमाचं शेवटचं वर्ष, घरची कमोडची सीट दर सहा महिन्यांनी ढिली होते म्हणून प्रोजेक्टला तोच विषय घेतलाय, आणि गटातल्या मित्रांचं म्हणणं आहे की सेन्सर लावून आपोआप उघडणारी सीट करू.

सेन्सर सोडा. माझं सांगलीत सॅनिटरीचं दुकान आहे, वडिलांपासूनचं, आणि मी काउंटरला बसायला लागून बावीस वर्षं झाली. 'सीट हाताने उघडावी लागते हो' अशी तक्रार घेऊन आजवर एक गिऱ्हाईक आलेलं नाही. येतात ते तुटका तुकडा कॅरीबॅगेत गुंडाळून, जरा लाजत, गर्दी ओसरायची वाट बघत कडेला उभे राहतात. मग हळूच विचारतात, "याचं नुसतं बिजागर मिळेल का?" आणि बहुतेक वेळा मला नाही म्हणावं लागतं. त्या 'नाही'बद्दल पुढे लिहितो.

तुकडा हातात घेतला की दिसतं ते असं. जी पिन फिरते ती बहुतेक वेळा शाबूत असते. गेलेलं असतं ते तिच्या खालचं, म्हणजे बिजागरी जिथे पॉटला बसते तो भाग. उघडझाप करायला ती ठणठणीत, फक्त जागेवर राहत नाही. तुमचा प्रोजेक्ट या बैठकीवर करा.

बैठक कच्ची का राहते, हे कळायला पॉट कसा बनतो ते बघा. चिनी मातीचा घोळ साच्यात ओततात, वाळवतात आणि भट्टीत भाजतात. या सगळ्यात पॉट साधारण दहा-बारा टक्के आटतो, आणि सगळीकडून सारखा आटतोच असं नाही. म्हणून बिजागरीचे बोल्ट जातात ती पॉटची मागची दोन भोकं कागदावरच्या मापाला अगदी तंतोतंत जुळत नाहीत आणि कारखाना ती बोल्टपेक्षा मुद्दाम मोठी ठेवतो. अमेरिकेत या दोन भोकांमधलं अंतर साडेपाच इंच, म्हणजे सुमारे १४० मिमी, असं ठरून गेलंय. आपल्याकडे १५० ते १६०च्या आसपास जास्त दिसतं, पण मॉडेल बदललं की माप बदलतं. सीटवाला काय करणार? तो बिजागरीला लांबट खाच देतो, नाहीतर एक्सेंट्रिक, म्हणजे भोक मधोमध नसलेली चकती देतो, की सरकवा आणि जुळवा. म्हणजे बोल्ट भोकात सैल, बिजागरी खाचेत सैल, आणि सगळा डोलारा तोलून धरलाय तो नुसत्या घर्षणाने. तेही काचेसारख्या गुळगुळीत ग्लेझवर!

आता बसणाऱ्याचं वजन. सरळ खाली येणारं वजन बिजागरीवर फारसं येतच नाही, ते सीटखालच्या रबरी बुटांवरून पॉटच्या काठावर उतरतं. बिजागरीची वाट लावतो तो आडवा रेटा. सीटच्या पुढच्या टोकापासून बिजागरी ४० सेंमी मागे आणि दोन बोल्टमध्ये अंतर १५ सेंमी धरा. पुढच्या टोकाला दहा किलोचा आडवा रेटा बसला की एक बोल्ट पुढे आणि दुसरा मागे सरकवायला प्रत्येकी जवळजवळ २७ किलोचा जोर लागतो. दहा किलो म्हणजे काहीच नाही, माणूस नुसता कूस बदलतो तेवढ्यात येतात.

आणि आपल्याकडे माणूस कूस बदलतोच. जेट स्प्रे बहुतेक घरांत उजव्या भिंतीला. रोज, घरातला प्रत्येक जण, उजवीकडे वळून हात मागे नेतो आणि एका मांडीवर भार देऊन थोडा उठतो. कागद वापरणाऱ्या देशात बसून काढलेल्या डिझाईनमध्ये ही हालचाल धरलेली नसते, आणि ते पाणी तर नसतंच. तुमच्या घरची सीट कुठल्या बाजूला सरकते ते आज बघा. माझा अंदाज आहे की दर वेळी एकाच बाजूला.

गेल्या पावसाळ्यात इथे सांगलीतच विश्रामबागला एका आजींकडे आमच्या नेहमीच्या प्लंबरबरोबर मीही गेलो होतो, कारण सीट माझ्याच दुकानातली होती आणि तीन महिन्यांत हलायला लागली म्हणून त्यांचा मुलगा फोनवर तापला होता. आजींचे दोन्ही गुडघे गेलेले. उठताना उजव्या हाताने सीटची कड दाबून उठायच्या. त्या दिवशी सीट एकदम सरकली. दाराची कडी हाताशी होती म्हणून वाचल्या. प्लंबरने बिजागरीवरची चकचकीत टोपी उचकटली. आत तपकिरी बुळबुळीत गाळ, पाणी आणि त्यात बुडालेलं गंजलेलं बोल्टचं डोकं. तीन महिन्यांत! खालचा नट गंजून बोल्टला चिकटलेला, पाना लावला की बोल्टच सगळा फिरे. हातोडी चालवायची सोय नाही, पॉटचा कान तडकला तर पॉटच बदलावा लागतो. मग तो ओल्या फरशीवर आडवा झाला आणि करवतीच्या नुसत्या पात्याने, बोटांच्या चिमटीत धरून, अर्धा तास बोल्ट कापत राहिला. आजी दारात उभ्या. "मेल्याचा नट सोन्याचा आहे का रे, एवढा जपून कापतोयस?"

त्या अर्ध्या तासात मी जे बघितलं त्यात तुमचा अर्धा प्रोजेक्ट आहे. (दुसऱ्या दिवशी आजींच्या भिंतीला धरायचा स्टीलचा दांडा बसवला, ते वेगळं. गुडघे गेलेल्या माणसाला कुठलीही सीट दांड्याइतकी उपयोगाची नाही.)

पहिलं म्हणजे आडवा रेटा बोल्टवर येऊच द्यायचा नाही. सीटच्या खालून, पुढच्या अंगाला, दोन रबरी अडसर असे द्या की सीट पडली की ते पॉटच्या काठाला आतून टेकतील. रेटा आला तर तो बिजागरीपाशी पोचायच्या आधीच काठ घेईल. ही कल्पना माझी नाही. इंग्लंडमध्ये अपंगांसाठीच्या संडासांच्या सीटना असे बफर असतात. आपल्या घरगुती सीटना मी ते क्वचितच बघितलेत. अडचण अशी की पॉटच्या आतल्या काठाचा आकारही मॉडेलगणिक वेगळा, म्हणून अडसर सरकवता येऊन घट्ट करता यायला हवा. ही जुळणी सोपी आणि स्वस्त करून दाखवा. माझ्या मते याला पैकीच्या पैकी मार्क मिळायला हवेत.

दुसरं नटाचं. प्लास्टिकचा नट-बोल्ट गंजत नाही म्हणून बरेच जण तोच मागतात. पण सतत ताणाखाली प्लास्टिक हळूहळू ताणलं जातं, दबतं. आज घट्ट पिळलेला नट काही महिन्यांनी आपोआप सैल होतो, कोणी हात न लावता. आणि जास्त पिळावा तर आटे जातात. त्यामुळे नटाखाली असं काहीतरी हवं जे दबलेलं राहून सतत ढकलत राहील, म्हणजे जाड चांगलं रबर किंवा वाटीसारखा स्प्रिंग वॉशर. आणि भोकात उतरणारा, निमुळत्या गाजरासारखा रबरी बुश, म्हणजे बोल्ट भोकाच्या मधोमध येऊन बसतो आणि भोकातला खेळ संपतो. किती पिळायचं हे घरच्या माणसाला कळत नाही, त्यावर बेमिस या अमेरिकन कंपनीची युक्ती मला फार आवडते. त्यांच्या एका नटाचा खालचा भाग योग्य तेवढं पिळलं की स्वतःच तुटून हातात येतो. बस, इथे थांबा. सूचनांचा कागद कोणी वाचत नाही, तुटलेला तुकडा मात्र सगळ्यांना कळतो.

आता त्या टोपीखालचा गाळ. बिजागरीवर टोपी घातली की ती शोरूममध्ये देखणी दिसते आणि घरी गेल्यावर तिची टाकी होते. जेटचं पाणी आत शिरतं, बाहेर यायला वाट नाही. शिवाय बोअरचं पाणी असेल तर क्षारांचे थर बसतात. त्यात आपल्याकडची खास सवय, रात्री पॉटमध्ये ॲसिड ओतायचं आणि 'वास नको' म्हणून वरून झाकण लावून झोपायचं. संडास साफ करायच्या द्रावणात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. त्याची वाफ झाकणाखाली कोंडते आणि रात्रभर बिजागरीला चाटत बसते. क्रोमचा मुलामा तर जातोच, पण '३०४ स्टेनलेस आहे' म्हणून मी स्वतः छातीठोकपणे विकलेल्या पिनांवरही बारीक खड्डे पडलेले बघितलेत. क्लोराइडपुढे ३०४ टिकत नाही. ३१६ जास्त टिकतं, पण महाग. माझं म्हणणं, धातू दिसायलाच नको. गाभ्यात स्टील, वरून सगळीकडून प्लास्टिक. टोपी काढून टाका, किंवा तिला खालून उतार आणि भोक द्या. बिजागरी पॉटपासून बोटभर उंच घ्या म्हणजे फडकं आरपार जाईल.

बटण दाबून सीट उचलून काढता येते ती सोय यासाठीच आहे, आणि मी कुठलीही महागडी सुविधा सोडून आधी ती बघा असं गिऱ्हाइकाला सांगतो. मात्र बटण एकच असावं आणि ओल्या, साबणाच्या हाताने दाबता यावं. दोन्ही बाजूंची दोन बटणं एकदम दाबत सीट वर उचलायला तिसरा हात लागतो.

सॉफ्ट क्लोजबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण परीक्षक विचारतील. बिजागरीच्या पोटात छोटी नळी असते, तिच्यात सिलिकॉनचं घट्ट ग्रीस आणि त्यातून फिरणारं एक पातं. उघडताना मोकळं, मिटताना अडतं, दाराच्या क्लोजरसारखं. सर्वसाधारण सीटमध्ये असे दोन डॅम्पर असतात, एक झाकणाचा आणि एक सीटचा, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. म्हणजे सीट मिटताना एकाच कानाने धरलेली असते आणि दर वेळी थोडी पिळवटते. पाहुणे येतात, त्यांना माहीत नसतं, ते हाताने दाबून मिटवतात आणि पातं आत मोडतं. मग ती सीट पूर्वीपेक्षा जोरात आपटते, कारण साध्या सीटपेक्षा ती जड असते. इथे जोरात दाबलं तर निसटणारी एखादी घसरती पकड, म्हणजे क्लच, बसवता आली तर बघा.

आपटण्याचा विषय हसण्यावारी नेऊ नका. २००८मध्ये बीजेयू इंटरनॅशनल या वैद्यकीय नियतकालिकात इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी दोन ते चार वर्षांच्या चार मुलांच्या केसेस छापल्या होत्या. उभं राहून लघवी करताना वरून जड सीट पडली आणि नको तिथे चेंगरलं. सीट का पडते? तर उघडल्यावर तिचा गुरुत्वमध्य बिजागरीच्या मागे जायला हवा, म्हणजे सीट नव्वद अंशांपेक्षा थोडी जास्त कलायला हवी. काही अमेरिकन कॅटलॉगांत हा जास्तीचा कल ११ अंश दिलेला असतो. आपल्याकडे गवंडी टाकी पॉटला इतकी खेटून बसवतो की सीट काटकोनातच टाकीला टेकते आणि कोणी दार आपटलं की खाली येते. अँग्लो-इंडियन पॉटवर तर हे आणखी वाईट, कारण उकिडवं बसणाऱ्याने सीट वर करूनच पायठशांवर चढायचं असतं. पाठीमागे सीट डुगडुगत असली की माणूस ती वर करायचंच टाळतो आणि सीटवरच पाय देऊन बसतो. युरियाची, म्हणजे युरिया फॉर्माल्डिहाइड या कडक प्लास्टिकची सीट असेल तर ती बशीसारखी फुटते, पीपीची, म्हणजे पॉलिप्रोपिलीन या लवचिक प्लास्टिकची असेल तर वाकते आणि बिजागरी उपटते. जागा कमी असली तरी सीट वर टिकेल अशी हलकी खिट्टी किंवा घर्षणाची बिजागरी, हासुद्धा चांगला प्रोजेक्ट आहे, पण दोन्ही एकदम करायला जाऊ नका.

आणि आता तो 'नाही'. सुट्टी बिजागरी मिळत नाही कारण प्रत्येक मॉडेलची वेगळी, आणि कोणी दुकानदार चाळीस प्रकारच्या बिजागऱ्या ठेवत नाही. मग धडधाकट सीट कचऱ्यात आणि गिऱ्हाईक नवीन घेऊन जातं. दुकानदार म्हणून मला ते परवडतं, हे कबूल करतो. तरी सांगतो, सीटच्या बाजूचं माप एकच ठरवा आणि पॉटच्या बाजूला १३० ते १८० मिमीपर्यंत जुळणारी बैठक करा. मी ती काउंटरवर बरणीत ठेवून विकेन. आपलं मानक आयएस २५४८ आहे, प्लास्टिकच्या सीटसाठीच. त्यातल्या चाचण्या कॉलेजच्या लायब्ररीतून काढून आधी वाचा.

त्याशिवाय तुमची स्वतःची चाचणी करा. पन्नास हजार वेळा उघडझाप करणारं यंत्र सगळेच दाखवतात. तुम्ही सीट भंगारातल्या पॉटवर बसवा. पॉट लागला तर माझ्याकडे दोन पडलेत, कडा फुटक्या पण मागची भोकं शाबूत. पुढच्या टोकाला स्प्रिंगकाटा अडकवून आडवं दहा किलो ओढा, सोडा, परत ओढा, एकाच बाजूला. शंभरदा झालं की किती मिलिमीटर सरकली ते मोजा. मग पॉटमध्ये ॲसिड टाका, झाकण लावा, रात्रभर ठेवा, आणि सकाळी परत तेच. प्रयोगशाळेत नको, गच्चीवर करा, वाऱ्याकडे पाठ करून. आणि बोल्ट कापायची वेळ आलीच तर पात्याच्या टोकाला चिंधी गुंडाळा, आमच्या प्लंबरच्या अंगठ्याला तीन टाके पडलेत.