चार लाखांनंतरचे अडीचशे

"मॅडम, एक व्हिडिओ ४ लाख व्ह्यूजवर गेला. त्यानंतरचे २२ अडीचशे-तीनशेवर अडकलेत. माझ्यातच काहीतरी खोट असणार."

जानेवारीत, गुऱ्हाळं जोरात असताना, करवीर तालुक्यातला हा २४ वर्षांचा मुलगा राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत आला तो हे वाक्य घेऊनच. (त्याच्या परवानगीनं लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.) हल्ली हे गाऱ्हाणं वरचेवर कानावर येतं. मेहंदी काढणारी मुलगी, तालमीतलं पोरगं, एकदा तर निवृत्त मास्तरसुद्धा.

वडील गुळव्या, म्हणजे गूळ करणारे. पोरगं एमआयडीसीतली नोकरी सोडून घरच्या गुऱ्हाळाचे यूट्यूबवरचे छोटे व्हिडिओ, म्हणजे शॉर्ट्स, करायला लागलेलं. रात्री दोनला उठून आकडा बघायचा, मग चारला. जेवणावरून आईशी भांडणं. माझ्याकडे पहिला फोन आईचाच आला होता. वडिलांचं एकच पालुपद, "गुळव्याच्या घरात नाच्या निपजला."

आधी मी व्हिडिओचं काहीच बोलले नाही. झोप, भूक विचारली. जगावंसं वाटत नाही असं कधी मनात येतं का, हेही सरळ विचारलं. विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. "नाही" म्हणाला. तरी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्याच्या मोबाइलमध्ये घालून दिला.

मग रात्रीचा आकडा. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं कबुतरांवर प्रयोग केले होते. टोच मारली की दर वेळी दाणा मिळत असेल, तर दाणा बंद झाल्यावर कबूतर लवकर नाद सोडतं. कधी मिळतो, कधी नाही, असं असेल तर मात्र दाणा बंद होऊनही टोचत बसतं. मटक्याचा नाद का सुटत नाही, हे कोल्हापूरकरांना मी काय सांगावं! ठरलं असं की आकडा दिवसातून एकदाच, रात्री नऊला, आणि नंतर मोबाइल आईच्या उशाशी. पहिल्या आठवड्यात तीनदा मोडलं. मी रागावले नाही, कारण मोडल्याचं त्यानं स्वतःहून सांगितलं.

दुसऱ्या भेटीला त्याला यूट्यूब स्टुडिओतले आलेख घेऊन यायला सांगितलं. मी काही यातली जाणकार नाही. भाचीनं मला एक चॅनेल काढून दिलंय, त्याला ४१ माणसं आहेत, त्यातली निम्मी नात्यातली. पण आलेख वाचायला तेवढं पुरतं. किती जण थांबले, किती जणांनी वर सरकवलं आणि कितव्या सेकंदाला किती उरले, हे तिथं दिसतं. यानं इतके दिवस फक्त व्ह्यूज बघितलेले.

२२ व्हिडिओंची सुरुवात एकच: "राम राम मंडळी, आपल्या चॅनेलवर तुमचं मनापासून स्वागत..." सहा सेकंद. रेषा तिथंच कोसळलेली. ४ लाखांच्या व्हिडिओत हे स्वागत नव्हतं, कारण वडील ओरडले, "बाजूला हो, पाक निघालाय!" म्हणून ते राहूनच गेलं. सुरुवातीलाच उकळता पाक थंड पाण्यात पडतो आणि वडिलांची बोटं त्याची गोळी वळतात. गोळी जमली का, म्हणजे पाक तयार झाला का? उत्तर शेवटी मिळतं, काईल, म्हणजे पाकाची मोठी कढई, गूळ थंड करायच्या वाफ्यात ओतली जाते तेव्हा. ओतणाऱ्या धारेवर व्हिडिओ संपतो आणि पुन्हा पाकाच्या धारेवर सुरू होतो. सांधा कळतच नाही, म्हणून लोक दुसऱ्यांदाही बघत राहिले.

मी विचारलं, "सहा सेकंदांत निघून गेलेल्यांनी तुमचा गूळ बघितला तरी का?"

"न्हाई."

"मग आवडला नाही, हे तुला कुणी सांगितलं?"

बराच वेळ गप्प बसला.

आणखी एक गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. ३१ मार्च २०२५पासून शॉर्ट सुरू झाला किंवा फिरून पुन्हा लागला, की यूट्यूब एक व्ह्यू धरतं. माणूस किती वेळ थांबला हे त्यात येत नाही. ज्या आकड्यासाठी झोप गेली, तो इतका उथळ. पैशाचं गणित मी त्याच्याकडूनच कागदावर करून घेतलं. शॉर्ट्सच्या जोरावर जाहिरातींचं उत्पन्न सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर आणि ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज लागतात. म्हणजे रोज १ लाख ११ हजारांच्या वर. नोकरी सोडताना हा भागाकार त्यानं केला नव्हता. नोकरी परत धरायची का, यावर त्यांच्या घरात अजून वाद आहे आणि त्यात मी पडलेले नाही.

गृहपाठ मात्र दिला. व्हिडिओ टाकण्याआधी पहिली तीन सेकंदं कुणालातरी दाखवायची. "कसा वाटला?" विचारायचं नाही, त्याला सगळेच "भारी" म्हणतात. विचारायचं, "पुढं काय होईल?" समोरच्याला अंदाज करावासा वाटलाच नाही, तर सुरुवात बदलायची.

चौथ्या भेटीत तो हसत आला. घरात दुसरं कुणी नव्हतं म्हणून वडिलांनाच दाखवलं होतं. त्यांनी मोबाइल लांब धरून बघितलं आणि म्हणाले, "चुलवाण कशाला दाखवतोस आधी? चिपाडं कुणीबी जाळतंय. गोळी दाखव."

"आणि आकडा किती झाला त्याचा?" मी विचारलं.

"नऊ वाजायचेत की अजून, मॅडम."