वाचक विचारतात: शंभर शब्दांच्या गोष्टीचं काय करायचं?

प्रश्न: नमस्कार ताई, मी अलक, म्हणजे अति लघु कथा, लिहिते, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लोकांना फार आवडतात, पण इथल्याच एका छोट्या मासिकाकडे पाठवल्या तर 'धक्का सोडून काही नाही' असा शेरा मारून परत आल्या. नक्की काय कमी पडतंय? एक सांगते. सारसबागेपाशी एक आजोबा रोज संध्याकाळी दोन कटिंग घेतात, एक स्वतः पितात, दुसरा बाकावर शेजारी ठेवतात, आणि शेवटच्या ओळीत कळतं की आजी जाऊन पाच वर्षं झालीत.
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: गोष्ट दोनदा वाचली. दुसऱ्या वेळी हाती काहीच लागलं नाही, कारण जे होतं ते सगळं शेवटच्या ओळीत होतं आणि ती ओळ मला आता माहीत होती. संपादकांना हेच म्हणायचं असणार. ग्रुपवर माणूस एकदा वाचतो, अंगठा देतो, पुढे सरकतो, तिथे एवढं पुरतं. मासिक घरात महिनाभर पडून असतं, कुणीतरी ते पान परत उघडतं.

मग असं करा, आजी गेल्याचं पहिल्याच वाक्यात सांगून टाका. आता बाकीची सगळी जागा मोकळी झाली ना! तो दुसरा चहा शेवटी कोण पितं? टपरीवाला पैसे दोन कपांचे घेतो का एकाचे? बाकावर गर्दी आहे, कुणी म्हणालं आजोबा जरा सरका, तर आजोबा तो कप उचलतात का, आणि उचलला तर ठेवतात कुठे? मला खरी गोष्ट इथे दिसते आणि ती तुमच्याकडेच आहे, धक्क्यासाठी तुम्ही ती दाबून ठेवलीय. फक्त शेवटी आजोबांच्या डोळ्यांत पाणी आणू नका, प्लीज.

धक्का वाईटच असतो असं नाही हां. उर्दू लेखक मंटोचं 'स्याह हाशिये' 1948 मधलं, फाळणीच्या दंगलींवरचे तुकडे, काही तर एक-दोन वाक्यांचे. एकात कुणीतरी तक्रार करतोय की ब्लॅकचे पैसे घेऊन असलं रद्दी पेट्रोल दिलंस, एक दुकानसुद्धा जळलं नाही. बस, एवढंच. बोलणारा माणूस कोण, तो कुठून आलाय, हे मंटो सांगत नाही, आणि कितीदाही वाचलं तरी अंगावर येतं, कारण त्या माणसाला आपण काही भयंकर बोलतोय हे कळतच नाहीये.

प्रश्न: एवढ्याशा गोष्टी म्हणजे मोबाइलमुळे आलेलं फॅड नाही का?
– एक वाचक, धायरी

उत्तर: अजिबात नाही. मराठी गद्याची सुरुवातच तुकड्यांनी झालीय. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसामाणसाला गाठून, विचारून गोळा केल्या, त्याचं लीळाचरित्र झालं, आणि त्यातल्या कितीतरी लीळा, म्हणजे प्रसंग, चार-सहा ओळींत आटपतात. कोण कुठे होतं, काय बोलणं झालं, संपलं. त्याच पंथातल्या केसोबासांच्या दृष्टांतपाठात 114 दृष्टांत आहेत, आधी सूत्र म्हणजे स्वामींचं वचन, मग दृष्टांत म्हणजे छोटीशी गोष्ट, मग दार्ष्टांतिक म्हणजे त्याचा अर्थ उलगडून सांगणं. आजच्या लेखकांनी मधलं तेवढं घ्यावं असं मला मनापासून वाटतं, तिसरा भाग वाचकावर सोडावा. विसाव्या शतकात खांडेकरांनी रूपककथा लिहिल्या, आणि तिकडे जपानात कादंबरीकार कावाबाता, ज्यांना 1968 साली नोबेल मिळालं, ते तळहातावर मावतील अशा गोष्टी जवळजवळ आयुष्यभर लिहीत होते. लीळाचरित्र एकदा लायब्ररीतून आणाच, पुणे नगर वाचन मंदिरात नाहीतर पुणे मराठी ग्रंथालयात विचारा. भाषा पहिली दोन पानं जड जाते, मग कानाला लागते.

प्रश्न: एका वेळी किती पाठवायच्या आणि कशा?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर: तीन-चार पाठवा, पण एकमेकींसारख्या नकोत. युनिकोडमध्ये टाइप करून वर्ड फाइल द्या, जुन्या फॉन्टमधली नको, कन्व्हर्ट करताना जोडाक्षरं फुटतात आणि इतक्या छोट्या गोष्टीत एक शब्द बिघडला तरी ती गेलीच. आणि पत्रात स्पष्ट लिहा की पानाखाली उरलेल्या जागेत चौकट करून टाकू नका, स्वतंत्र पान द्या. मागायला लाजू नका, छोट्या मासिकांचे संपादक बऱ्याचदा देतात.