वाचकांचे प्रश्न : जुनं घर घेऊन, नीट करून विकताना

प्रश्न : मोडकळीला आलेलं घर घेऊन, दुरुस्त करून विकायचं ठरवलंय. पहिलीच वेळ आहे. समोरचा सांगतो तो भाव परवडणारा आहे की नाही, हे कसं कळणार?

हिशेब विक्रीच्या टोकाकडून मागे मांडा. त्याच भागातली, साधारण त्याच आकाराची, दुरुस्त अवस्थेतली तीन-चार घरं गेल्या सहा महिन्यांत प्रत्यक्षात कितीला गेली ते काढा. जाहिरातीतले भाव धरू नका. ती नुसती मागणी असते. झालेले व्यवहार धरा.

समजा, दुरुस्तीनंतर घर १०० ला जाईल. या धंद्यात एक ढोबळ नियम वापरतात: विक्रीच्या किमतीचे ७० टक्के घ्या, त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करा, उरेल ती तुमची कमाल खरेदी किंमत. दुरुस्तीला १८ लागणार असतील, तर ५२ च्या वर जाऊ नका.

उरलेले ३० म्हणजे नफा नव्हे. खरेदीची कागदपत्रं, कर आणि वकील यांत ४ जातील असं धरा. सहा महिन्यांचं व्याज, विमा, वीज-पाणी मिळून ५. विक्रीची दलाली ३. दुरुस्तीच्या १५ टक्के राखीव, म्हणजे जवळजवळ ३. हातात राहतात १५, तेही कर भरण्याआधीचे. आता हेच घर आवडलं म्हणून ६२ ला घेतलंत, तर राहतात ५. काम तीन महिने लांबलं की अडीच गेले, विक्रीत ३ सोडावे लागले की पदरचे अर्धा घालावे लागले. नवख्या माणसाचं नुकसान बहुतेक वेळा इसार देतानाच ठरलेलं असतं. पुढे कितीही काटकसर केली तरी ते भरून निघत नाही.

प्रश्न : एक घर पसंत आहे, पण तळमजल्याच्या एका भिंतीला ओल आहे. मालकाने नुकताच रंग दिलाय. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेगही गेली आहे. सोडून द्यावं का?

ओल नेमकी कुठून येते ते कळल्याशिवाय घेऊही नका, सोडूही नका.

जमिनीतून चढणारी ओल साधारण एक मीटरपर्यंत पोचते. तिची वरची कड भिंतभर आडवी, लाटेसारखी दिसते आणि त्या कडेवर पांढरी पूड, म्हणजे लोणा, जमतो. छतातून येणाऱ्या ओलीचा डाग वरून खाली उतरतो. नळाच्या गळतीचा डाग पाऊस असो वा ऊन, पसरतच राहतो.

नव्या रंगाखालचं बघायचं असेल तर रंगवायची राहिलेली ठिकाणं पाहा: भिंतीतल्या कपाटाचा तळ, पायऱ्यांखालची जागा, दाराच्या चौकटीचं खालचं टोक. चौकटीच्या पायाशी किल्लीचं टोक दाबून पाहा. लाकूड भुसभुशीत लागलं की समजा, पाणी बरीच वर्षं तिथे आहे. जमिनीलगतच्या सॉकेटचे स्क्रू गंजलेत का तेही बघा. मालकाने परवानगी दिली तर दीड फूट लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिक भिंतीला लावून चारही कडा टेपने बंद करा आणि दोन दिवसांनी या. थेंब भिंतीकडच्या बाजूला असतील तर ओल भिंतीच्या पोटातली आहे. खोलीकडच्या बाजूला असतील तर हवा कोंडल्यामुळे येणारा दमटपणा आहे, आणि तो निस्तरणं स्वस्त असतं.

मग बाहेर जा. कित्येकदा भिंतीला टेकून माती किंवा फरसबंदी चढवलेली असते आणि जोत्यावरचा ओल अडवणारा थर खाली गाडला जातो. माती त्या थराच्या १५ सेंटीमीटर खालपर्यंत काढली, फुटलेला पन्हळ बदलला, एवढ्यावर काम भागत असेल तर घर घेण्यासारखं आहे. तो थरच निकामी झाला असेल तर जोत्याजवळच्या दर्जेत, म्हणजे विटांमधल्या सांध्यात, दर १०-१२ सेंटीमीटरवर भोकं पाडून रसायन भरावं लागतं आणि ओलीच्या रेषेच्या वर ३० सेंटीमीटरपर्यंत गिलावा पाडावा लागतो. हे काम थोड्या दिवसांत होतं. भिंत मात्र दर इंच जाडीला साधारण एक महिना या वेगाने सुकते, म्हणजे नऊ इंची भिंतीला नऊ महिने! वरच्या हिशेबातले सहा महिने आठवा. घाईने सिमेंटचा गिलावा करून वर वॉटरप्रूफ रंग ओढला, तर कोंडलेलं पाणी आणखी वर चढतं आणि नव्या मालकाच्या घरात पोपडे सुटतात. असं घर विकणं म्हणजे फसवणूक आहे. ते करू नका.

भेगेचं सांगायचं तर, एक मिलिमीटरच्या आतली केसासारखी चीर बहुधा गिलाव्याची असते. भेग भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकाच जागी दिसते, एका टोकाला रुंद होत जाते, किंवा पाच मिलिमीटरच्या वर आहे, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय इसार देऊ नका. आणखी एक खूण जवळून बघा: भेग पूर्वी कधी लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरली असेल आणि त्या पुट्टीतच पुन्हा फट पडली असेल, तर बहुधा पाया अजून हलतोय. पहिल्या घरासाठी असं घर नको.

प्रश्न : न्हाणीघराचं काम चालू आहे. वॉटरप्रूफिंग झालंय, गवंडी म्हणतो, पाणी भरून बघायची गरज नाही, उद्याच टाइल लावू. काय करू?

थांबवा. टाइल आणि तिचे सांधे पाणी अडवत नाहीत. पाणी अडवतो तो खालचा थर. पहिला हात वाळल्यावर दुसरा आडव्या दिशेने दिलेला हवा. थर भिंतीवर निदान १५ सेंटीमीटर चढलेला हवा, शॉवरपाशी डोक्याच्या उंचीपर्यंत. कोपऱ्यात वाटा, म्हणजे मसाल्याची गोलाई, हवी, कारण काटकोनात थर ताणला जाऊन तिथेच तुटतो.

थर पुरता वाळला की नहाणी ट्रॅपचं, म्हणजे जमिनीतून पाणी जायच्या भोकाचं, तोंड बुजवा, पाच सेंटीमीटर पाणी भरा, पातळीवर पेन्सिलने रेघ मारा. शेजारी एका परातीत तेवढंच पाणी ठेवा, म्हणजे वाफ होऊन किती गेलं ते कळेल. निदान २४ तास, जमलं तर ४८. पाणी परातीपेक्षा जास्त उतरलं की आधी ट्रॅपच्या तोंडाभोवती आणि पाइप बाहेर येतात तिथे बघा. गळती बहुतेक तिथेच सापडते. उताराचीही खात्री करा: दर मीटरला साधारण सव्वा सेंटीमीटर, ट्रॅपकडे.

नळाचे पाइप भिंतीत बुजवण्याआधी नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाबाने तपासून घ्या, आणि मोजायची टेप धरून फोटो काढा. पुढे आरसा लावताना भोक कुठे पाडायचं नाही ते त्यातून कळतं. तोडफोड, बांधकाम आणि छत, मग नळ-वीज आणि त्यांची तपासणी, मग गिलावा, वॉटरप्रूफिंग, टाइल, रंग, शेवटी फिटिंग, हा क्रम मोडू नका. टाइल दहा टक्के जास्त आणि एकाच बॅचची घ्या, नंतर तोच रंग मिळत नाही. कंत्राटदाराला पैसे झालेल्या टप्प्यापुरतेच द्या आणि शेवटचे दहा टक्के उरलेल्या कामांची यादी संपेपर्यंत हातात ठेवा.

प्रश्न : स्वयंपाकघरात महागडा दगड आणि परदेशी फिटिंग बसवली तर भाव वाढेल का?

आजूबाजूच्या घरांपेक्षा एक पायरी वर, त्यापुढे नाही. ग्राहक तुलना त्या भागातल्या घरांशीच करतो. ते पैसे वायरिंग, अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरच्या संरक्षक स्विचवर (वीज गळू लागली की पुरवठा तोडतो तो) घाला, आणि बिलं जपून ठेवा. ग्राहकाचा इंजिनिअर तपासणीला येईल तेव्हा ती त्याच्यापुढे ठेवा.

प्रश्न : घर तयार होऊन सहा आठवडे झाले, गिऱ्हाईक नाही. भाव उतरवावा का?

घर रिकामं ठेवायला महिन्याला काय लागतं तो आकडा काढा: व्याज, विमा, कर, वीज. सहा आठवड्यांत लोक बघून गेले पण कोणी बोलणीच केली नाहीत, तर बहुतेक भाव चुकलाय. दोन महिन्यांच्या खर्चाएवढी कपात एकदाच करा. थोडी थोडी उतरवत गेलात तर गिऱ्हाईक पुढच्या कपातीची वाट पाहत बसतं. बघायलाच कोणी येत नसेल, तर आधी फोटो बदला, सकाळच्या उजेडात, सगळे पडदे उघडून.