गॅरेजमध्ये रंग मारू की शॉपला देऊ? आधी तुमचं ४०१ के बघू

अमेरिकेतल्या एका वाचकाचं पत्र आलंय, नाव-गाव अर्थातच देत नाही. वय ४१, पगार वर्षाला १ लाख ३० हजार डॉलर, मिसेस सध्या घरी, दोन लहान मुलं. १९३१ ची फोर्ड मॉडेल ए कूपे २४ हजाराला घेतली, तीन वर्षांत इंजिन, ब्रेक, वायरिंग यावर अजून १८ हजार घातले आणि आता ही हॉट रॉड, म्हणजे बदल करून वेगवान केलेली जुनी गाडी, रंगापाशी येऊन अडलीये. रंगाच्या शॉपने १४ हजार डॉलर सांगितले, यांचा स्वतःचा अंदाज घरच्या गॅरेजमध्ये अडीच हजारात होईल असा. प्रश्न एवढाच, "स्वतः रंगवू की शॉपला देऊ? शॉपला दिली तर पैसे माझ्या आययूएल (शेअर बाजाराच्या निर्देशांकाशी जोडलेल्या आयुर्विम्याच्या) पॉलिसीतून लोन म्हणून काढेन, एजंट म्हणतो ते आपलेच पैसे, खर्च शून्य. रंग चांगला झाला की गाडी ६० हजाराला सहज जाईल." सोबत पॉलिसीचं स्टेटमेंट आणि पे स्लिप जोडली होती, ते बरं केलंत.

रंगाचं आधी उरकते कारण ते तुलनेनं सोपं आहे.

अडीच हजारात होणार नाही. प्रायमर, बेस (रंगाचा थर), क्लिअर (वरचा पारदर्शक थर), हार्डनर, रिड्यूसर, पुट्टी, टेप, सँडपेपर यातच दीड-दोन हजार जातात. तुमच्याकडे २० गॅलनचा कॉम्प्रेसर आहे, तो टायरला ठीक, पण बऱ्याचशा एचव्हीएलपी (कमी दाबाने जास्त हवा सोडणाऱ्या) स्प्रे गनला मिनिटाला १० ते १५ घनफूट हवा लागते आणि तुमचा कॉम्प्रेसर त्याच्या निम्मीही जेमतेम देतो, म्हणजे अर्ध्या दारावर प्रेशर पडणार आणि उरलेल्या दारावर ऑरेंज पील, म्हणजे संत्र्याच्या सालीसारखा खरखरीतपणा. मोठा कॉम्प्रेसर, त्याला २४० व्होल्टचं कनेक्शन, वॉटर सेपरेटर, बरी गन, लाइट, एक्झॉस्ट फॅन, आणि मास्क. मास्क म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातला कार्ट्रिजवाला नाही. टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून लावायच्या, क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, त्याने कायमचा दमा होऊ शकतो, एकदा शरीर त्याला बिचकलं की पुढे थोडंसं नाकात गेलं तरी ॲटॅक येतो, आणि कार्ट्रिज संपलं हे वासावरून कळत नाही. म्हणून बाहेरून ताजी हवा पुरवणारा सप्लाइड-एअर मास्क लागतो, शिवाय अंगभर सूट आणि हातमोजे. सगळं धरून ५ हजार पकडा. गॅरेज घराला जोडलेलं असेल आणि गॅसचा वॉटर हीटर तिथेच असेल तर त्याच्या पायलट ज्योतीपाशी थिनरची वाफ जाऊ द्यायची नाही, हे तर पैशाच्या हिशोबात बसतच नाही.

म्हणजे बचत साडेअकरा नाही, ९ हजार, आणि तीही पहिल्याच प्रयत्नात जमलं तर. तुम्हाला चंदेरी बेसवर कँडी रेड, म्हणजे खालचा थर आरपार दिसणारा लाल, हवाय. पहिल्यांदा गन हातात धरणाऱ्याने कँडी घेऊ नये. कँडीचा प्रत्येक हात रंग गडद करत जातो, ओव्हरलॅप जरा हलला की पट्टे दिसतात आणि एक फेंडर बिघडला तर तेवढाच दुरुस्त करून शेजारच्या पॅनेलशी जुळत नाही. साटन ब्लॅक सोपा वाटतो पण त्यातली धूळ किंवा ओघळ नंतर घासून पॉलिश करता येत नाही, चमक येऊन डाग पडतो. साधा सॉलिड रंग आणि वर क्लिअर घ्या, चुकलं तर १५००, २०००, ३००० च्या पेपरने घासून बफ करता येतं.

माझं मत विचाराल तर मधला रस्ता घ्या. रंगाच्या बिलात सगळ्यात मोठी मजुरी फवारण्याची नसते, पुट्टी लावून लांब ब्लॉकने घासत पत्रा सरळ करण्याची असते, आणि ते काम तुम्ही संध्याकाळी मुलं झोपल्यावर करू शकता, फक्त धुळीचा मास्क लावून. मग फवारणी शॉपकडून करून घ्या. फक्त आधी जाऊन विचारा, कारण दुसऱ्याने घासलेल्या पत्र्यावर बरीच शॉप गॅरंटी देत नाहीत, आणि कुठल्या ब्रँडचा प्रायमर लावायचा हेही तेच सांगतील.

आता खरं दुखणं.

तुमच्या पे स्लिपवर ४०१ के ला, म्हणजे कंपनीतल्या निवृत्तीच्या खात्याला, पगाराच्या २ टक्के जातायत. पत्रात तुम्हीच जाता जाता लिहिलंय की कंपनी ५ टक्क्यांपर्यंत डॉलरला डॉलर मॅच देते, "पण सध्या आययूएलचा प्रीमियम असल्यामुळे कमी केलंय." हे वाक्य मी परत परत वाचलं. कंपनी वर्षाला साडेसहा हजार द्यायला तयार आहे, तुम्ही २,६०० घेताय आणि ३,९०० टेबलावर सोडताय. पाच वर्षं हेच चाललंय म्हणजे साडेएकोणीस हजार डॉलर, त्यावरची वाढ धरलीच नाही. कँडी रेडसकट शॉपचं पूर्ण बिल भागून वर पाच हजार उरले असते. आणि तुम्ही मला विचारताय ९ हजार कसे वाचवू.

आणि हे पैसे सोडून घेतलं काय तर इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफ, महिना ८०० डॉलर. मंडळाच्या गणपतीत भेटलेल्या ओळखीच्या माणसाने विकली असं लिहिलंय. मला या विक्रीचा मनापासून राग येतो, कारण नव्याने स्थिरावलेल्या आपल्या लोकांना "मार्केट वर गेलं तर फायदा, खाली गेलं तर नुकसान नाही" हे वाक्य ऐकवून घरातला सगळ्यात चांगला पैसा काढून नेला जातो. मॅच सोडून आययूएल घ्यायला लावणं हा सल्ला नाहीये, कमिशन आहे. तुमचंच स्टेटमेंट बघा: पाच वर्षांत भरले ४८ हजार, अकाउंट व्हॅल्यू ३३ हजार, आज पॉलिसी मोडली तर सरेंडर चार्ज ११ हजार कापून हातात २२ हजार. २०२२ मध्ये एस अँड पी ५०० हा अमेरिकन शेअर निर्देशांक जवळजवळ १९ टक्के पडला, तुमच्या त्या वर्षाच्या स्टेटमेंटवर क्रेडिट (निर्देशांकानुसार जमा होणारी वाढ) शून्य आहे, पण विम्याचा खर्च आणि चार्जेस त्या वर्षीही गेलेच, म्हणजे व्हॅल्यू खालीच आली. शून्याचा फ्लोअर, म्हणजे क्रेडिट शून्याखाली जाणार नाही ही हमी, हा चार्जेस कापायच्या आधीचा असतो. वर गेल्यावर क्रेडिटला कॅप, म्हणजे कमाल मर्यादा, आहे, आणि इंडेक्समधल्या कंपन्यांचा डिव्हिडंड तुमच्या क्रेडिटमध्ये धरतच नाहीत.

"खर्च शून्य लोन" तर सोडूनच द्या. विमा कंपनी तुम्हाला तिचे पैसे देते, तुमची व्हॅल्यू तारण ठेवते आणि व्याज लावते. ज्या वर्षी क्रेडिट शून्य त्या वर्षी व्याजही चालू, विम्याचा खर्चही चालू, आणि वय वाढेल तसा तो खर्च वाढतो. दोन-तीन वाईट वर्षं एकापाठोपाठ आली तर पॉलिसी टिकवायला तुम्हालाच वरून पैसे घालावे लागतील, नाही घातले तर लॅप्स. रंगासाठी हे करायचं?

इतकं करून विमा किती तर ४ लाख. एका पगारावर चार माणसं, महिन्याचा खर्च साडेपाच हजार, म्हणजे ४ लाख सहा वर्षांत संपतात आणि तेव्हा तुमचा धाकटा शाळेतच असेल.

काय करायचं ते क्रमाने सांगते आणि क्रम महत्त्वाचा आहे. आधी २० वर्षांची टर्म पॉलिसी, १५ लाख डॉलरची, धूम्रपान न करणाऱ्या निरोगी माणसाला तुमच्या वयात महिना १०० डॉलरच्या आसपास पडावी. ती हातात येऊन पहिला हप्ता जाईपर्यंत जुनी पॉलिसी मोडायची नाही. आणि स्प्रे गनलाही हात लावायचा नाही, कारण मेडिकलच्या आधी छातीत घरघर सुरू झाली तर प्रीमियम वाढेल किंवा अर्ज अडकेल. त्याच आठवड्यात ४०१ के ५ टक्क्यांवर न्या, महिना साधारण ३२५ जास्त जातील, टॅक्सच्या आधी जात असल्याने हातातला पगार तेवढा घटणार नाही.

टर्म लागू झाली की आययूएल मोडा. भरलेल्यापेक्षा कमी मिळतंय त्यामुळे त्या २२ हजारावर टॅक्स नाही, तोटा मात्र वजाही करता येत नाही. १०३५ एक्स्चेंज (टॅक्स न लागता एका पॉलिसीतून दुसरीत पैसे हलवणं) करून कमी खर्चाच्या ॲन्युइटीत नेलं तर ४८ हजाराचा बेसिस (टॅक्सच्या हिशोबातली भरलेली रक्कम) टिकतो आणि पुढची २६ हजाराची वाढ टॅक्समधून सुटते, हा मार्ग एरवी मी सुचवला असता, पण तुमच्या बँकेत इमर्जन्सीसाठी फक्त ६ हजार आहेत. रोख घ्या. २२ आणि ६ मिळून २८, पाच महिन्यांचा खर्च. ११ हजार चार्ज जातोय म्हणून थांबू नका, थांबलात तर दर वर्षी ९,६०० त्याच विहिरीत ओतत राहाल. एजंट फोन करेल, दोन वर्षं थांबा म्हणेल, त्याला सांगा की कंपनीकडून इन-फोर्स इलस्ट्रेशन (चालू पॉलिसीचा पुढच्या वर्षांचा हिशोब) मागव, क्रेडिट ४ टक्के धरून, आणि माझ्या वयाच्या पंच्याऐंशीपर्यंत पॉलिसी टिकते का ते दाखव.

८०० मधून ३२५ आणि १०० गेले, उरले ३७५. हे गाडीचे. वर्षात साडेचार हजार होतात.

६० हजाराचं म्हणाल तर ती आशा सोडा. २४ अधिक १८ अधिक शॉपचा रंग म्हणजे ५६ झालेच, लिलावाचं कमिशन गेलं की काही उरत नाही, आणि घरी रंगवलेल्या गाडीला विकत घेणारा आधी बॉनेटवर तिरका लाइट मारून बघतो, लाट दिसली की भाव पाडतो. फायदा झाला तर टॅक्स, तोटा झाला तर वजावट नाही. गाडी तुम्हाला आवडते म्हणून ठेवा, तेवढं कारण पुरेसं आहे. फक्त आज ती गॅरेजमध्ये उघडी पडलीये आणि तुम्ही धरून चाललाय की घराच्या विम्यात ती येते. घराच्या विम्यातून मोटारगाड्या साधारण वगळलेल्या असतात. ॲग्रीड व्हॅल्यूची, म्हणजे गाडीची किंमत आधीच ठरवून घेणारी, कलेक्टर पॉलिसी बघा, काम चालू असलेल्या गाडीला कव्हर देतात का ते विचारा, आणि लावलेल्या १८ हजाराची बिलं एका फाइलमध्ये ठेवा, क्लेमला तीच लागतील.

या महिन्यात एचआरच्या पोर्टलवर २ चे ५ करा, टर्मचा अर्ज भरा. दारं काढून ब्लॉकने घासायला आजच सुरुवात केलीत तरी चालेल, वर्षभराचं काम आहे.