सहीच्या रांगेत उभं राहण्याआधी

लेखकाची पुस्तकावर सही घ्यायला पहिल्यांदाच जातेयस ना? मग तिथे नवं पुस्तक घेतलंस तरी घरातली जुनी, वाचून खिळखिळी झालेली प्रतही सोबत ने. अशी प्रत हातात आली की लेखक क्षणभर थांबतात, हे मी अनेकदा पाहिलंय. सही सहसा शीर्षकपानावर घेतात. ते आधीच उघडून ठेव. नाव चिठ्ठीवर लिहून दे, गोंगाटात ऐकताना चूक होते.

बोलायला जेमतेम अर्धं मिनिट मिळतं. ‘तुमचं सगळंच आवडतं’ एवढ्यावर थांबू नकोस. कुठला प्रसंग मनात रुतलाय, कुठल्या वाक्यापाशी पुस्तक मिटून नुसती बसून राहिलीस, ते सांग. आवाज कापला तर कापू दे. स्वतःचं हस्तलिखित मात्र तिथे पुढे करू नकोस.

आणि शाई वाळेपर्यंत पान मिटू नकोस.