वाढीव 4,000 दिरहम आणि पत्रातली शेवटची ओळ

अबू धाबीहून एका ताईंचं पत्र आलंय. मिस्टरांना दुबईची ऑफर आहे. आत्ता महिन्याला 16,000 दिरहम मिळतात, तिकडे 20,000 मिळतील. ताई स्वतः एका भारतीय शाळेत शिकवतात, मोठी मुलगी नववीत, धाकटा चौथीत. नाशिकच्या दिरांचा निरोप आहे, ‘चार हजार दिरहम म्हणजे लाखाच्या आसपास रुपये, विचार कसला करताय?’ आणि पत्राची शेवटची ओळ: ‘माझं काय, तिकडेही कुठेतरी मिळेल.’

ताई, आधी तो रुपयांचा गुणाकार बंद करा. भाडं, फी, किराणा सगळं दिरहममध्येच जातं. रुपयांत मोजायची ती फक्त गावी पाठवता ती रक्कम.

ऑफर लेटरचा फोटो पाठवलात ते बरं केलंत. एकूण 20,000, पण त्यात बेसिक फक्त 8,000. बाकी सगळे भत्ते. आत्ताचं बेसिक 9,600 आहे. म्हणजे पगार वाढला आणि बेसिक घटलं! ग्रॅच्युइटी बेसिकवरच निघते: पहिली पाच वर्षं दरवर्षी 21 दिवसांची, पुढे 30 दिवसांची. मिस्टरांची चार वर्षं चार महिने झालीत. नोकरी सोडली तर साधारण 29,000 हातात येतील, पण आणखी आठ महिने थांबले तर पुढे दरवर्षी 9,600 जमा होत जातील. नव्या कंपनीत पहिल्यापासून सुरुवात, वर्षाला 5,600. तरी सांगते, ग्रॅच्युइटीचा लोक उगाच बाऊ करतात. हा फरक एका महिन्याच्या वाढीत भरून निघतो.

विम्याचं मात्र तसं नाही. अबू धाबीत बायको आणि 18 वर्षांखालची तीन मुलं यांचाही विमा कंपनीने काढायचा असतो. दुबईत कंपनीवर बंधन फक्त कर्मचाऱ्याच्या विम्याचं; घरच्यांचा ज्याच्या व्हिसावर ते आहेत त्याने बघायचा. तुमच्या लेटरमध्ये नुसतं ‘मेडिकल इन्शुरन्स’ लिहिलंय. कुणाकुणाचा, ते विचारा.

आता तुमची शेवटची ओळ. वाढ वर्षाला 48,000. तुमचा पगार महिना 5,500, म्हणजे वर्षाला 66,000. शिवाय शाळेची नोकरी म्हणून दोन्ही मुलांची निम्मी फी माफ, ते 11,000 वेगळेच. तुम्ही नोकरी सोडून सगळे दुबईला गेलात, तर पहिल्या दिवसापासून घर तोट्यात. वर नव्या घराचा खर्च. तुम्ही म्हणता तसा वर्षाला 80,000 भाड्याचा फ्लॅट घेतला तर एजंटचे 4,000, डिपॉझिट 4,000, वीज-पाण्याची अनामत 2,000, आणि हे सगळं भाड्याचा पहिला चेक वटायच्या आत.

शिवाय मुलगी नववीत. सीबीएसईची नोंदणी नववीतच होते आणि दहावीला शाळा बदलणं म्हणजे कागदपत्रं आणि परवानग्यांची कटकट. दहावी होईपर्यंत तिला हलवू नका, यावर मी ठाम आहे.

मग मिस्टरांनी एकट्याने ये-जा करायची? एका बाजूने जवळपास 140 किलोमीटर. महिनाभर जमतं. हिवाळ्यात पहाटे धुकं पडलं की हायवेवर वेगमर्यादा 80 वर येते, तेव्हा घरातून पाचला निघावं लागतं. आमच्या शेजारच्यांनी हे दीड वर्ष केलं. त्यांची बायको म्हणायची, ‘नवरा फक्त शुक्रवारी दुपारनंतर ओळखीचा वाटतो.’ आठवडाभर दुबईत खोली घेऊन राहायचं तर तिचं भाडं वाढीतूनच जाणार.

आहे त्या कागदावर मी नाहीच म्हणेन. पण मिस्टरांना काम खरंच आवडत असेल तर मागणी करून बघा: बेसिक 12,000, चौघांचा विमा, आणि आठवड्यातले दोन दिवस घरून काम. दुबईतल्या कंपन्या अशा मागण्यांना सरावलेल्या असतात, कुणी रागावत नाही. प्रोबेशन सहा महिन्यांपर्यंत असू शकतं आणि त्या काळात 14 दिवसांच्या नोटिशीवर घरी बसवतात, म्हणून तेवढ्या महिन्यांचं भाडं बाजूला असू द्या.

एचआरच्या बाई फोनवर ‘बेसिकचं बघू, करून देऊ’ म्हणाल्या, असं तुम्ही लिहिलंय. तेच त्यांना ईमेलवर लिहायला सांगा. आणि तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाच्या नमुन्यातली ऑफर येईल तिच्यावर हे आकडे छापलेले दिसेपर्यंत इकडचा राजीनामा मिस्टरांच्या ड्राफ्टमध्येच राहू दे.