आठवड्याच्या ठरलेल्या किराणा खर्चात चौघांच्या कुटुंबाला सेंद्रिय अन्न देणे शक्य आहे का?

शक्य आहे, मात्र सगळेच सेंद्रिय घेण्याचा हट्ट सोडावा लागतो. पालक, मेथी, कोथिंबीर आणि द्राक्षे सालीपानासकट खाल्ली जातात, म्हणून जास्तीचे पैसे आधी त्यांच्यावर खर्च करावेत. कांदा, केळी, नारळ नेहमीच्या बाजारातले चालतात. ज्वारी, बाजरी आणि नाचणी ही कोरडवाहू पिके बहुधा कमी फवारणीत येतात, त्यामुळे उन्हाळ्यात ओळखीच्या शेतकऱ्याकडून वर्षाचे धान्य एकदम घेऊन, कडक उन्हात वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून कोठीत भरले, तर आठवड्याच्या यादीत भाजी, फळे आणि दूध एवढेच उरते. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, फोडशी या रानभाज्या अवश्य घ्याव्यात. त्या कोणी पेरत नाही आणि त्यांच्यावर सहसा कोणी फवारतही नाही. टाकळ्याची कोवळी पाने भरपूर कांदा-लसणावर परतून वर ओले खोबरे घातले, की मुलेही आवडीने खातात.

पाकीटबंद मालावर ‘जैविक भारत’सारखे सेंद्रिय मालाचे सरकारी चिन्ह पाहावे. नुसत्या ‘नैसर्गिक’ या शब्दासाठी जादा पैसे मुळीच मोजू नयेत. आणि महिनाअखेरीस हात आखडला, तर साधी भाजी स्वच्छ धुऊन घ्यावी, पण ताटातली भाजी कमी करू नये.